टेंभा

दुपारी चहासाठी गॅसचा लायटर सात-आठदा नुसताच टिकटिकला. शेवटी देव्हाऱ्यातली काडेपेटी आणली, काडी ओढली आणि एकदम आमचे पीटीचे सर आठवले.

आमच्या शाळेची क्रीडाज्योत म्हणजे कुदळीचा दांडा, त्यावर ठोकलेला डालड्याचा डबा आणि आत घासलेटात बुचकळलेल्या चिंध्या. सातवीत ती माझ्या हाती आली, ती केवळ उंचीमुळे. धावण्यात आपला नंबर कधी लागला नाही. नागपुरात महाल भागातल्या शाळेपासून चिटणीस पार्कपर्यंत पळायचं. डिसेंबरातली सकाळ, नाकात धूर आणि घासलेटाचा ओघळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत. गांधीगेटच्या कमानीत वारा आला अन् ज्योत गेली. सरांनी इकडे-तिकडे पाहिलं, खिशातून काडेपेटी काढली. "पळ बे, कोनी नाही पाह्यलं."

म्हणून असेल, ऑलिम्पिकची मशाल दिसली की माझं लक्ष आधी मुठीकडे जातं. लंडनच्या २०१२च्या मशालीला आठ हजार भोकं होती, कारण ती वाहणारे आठ हजार. छान. पण त्याच भोकांमधून उष्णता निघून जायची, मूठ तापायची नाही, हे मला जास्त आवडलं. टोकियोच्या मशालीत भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या घरांचं अ‍ॅल्युमिनियम होतं. तिथे मात्र मूठ वगैरे सुचत नाही.

माझा खरा भाऊबंद ऑस्ट्रेलियाचा धावपटू रॉन क्लार्क. १९५६ला मेलबर्नच्या स्टेडियममध्ये मशाल नेताना ठिणग्यांनी त्याचा हात भाजला. त्याच वर्षी सिडनीत एका विद्यार्थ्यानं खुर्चीचा पाय, पुडिंगचा डबा आणि घासलेटात भिजवलेली चड्डी एवढ्यावर खोटी मशाल केली. महापौरांनी ती गंभीरपणे स्वीकारून भाषणही सुरू केलं! रचना बघा, आमचीच.

१९७६ला मॉन्ट्रियलमध्ये पावसानं ज्योत विझली, तेव्हा एका कर्मचाऱ्यानं सिगारेटच्या लायटरनं ती पेटवून टाकली. मग धावपळ. ती विझवून ग्रीसमधल्या ऑलिम्पियाहून आणलेल्या मूळ ज्योतीच्या राखीव ज्योतीवरून पुन्हा पेटवावी लागली. आमच्या सरांना हा त्रास नव्हता. मूळ ज्योतही त्याच काडेपेटीतली होती.

घरी आलो तर स्वेटरच्या बाहीला घासलेटाचा भपकारा. आईनं लांबूनच नाक मुरडलं.

"झाला असंल टेंभा मिरवून, तर स्वेटर भिजू घाल."