अपडाऊन

आमच्याकडे नोकरीवाल्या माणसाला कुठे राहता असं कोणी विचारत नाही. "अपडाऊन करता का?" असं विचारतात. हो म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव येते, थोडं कौतुक येतं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "गाडीने का बसने?" गाडी म्हणजे आगगाडी. एसटीला आम्ही बसच म्हणतो.

मी एकोणीस वर्षं अपडाऊन करतेय. पाचोरा ते जळगाव, सुमारे 48 किलोमीटर. मधे परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली. पर्समध्ये पास, पिशवीत डबा, आणि डोक्यात सदैव एकच हिशेब: गाडी किती लेट आहे, आणि साहेब किती लेट आहेत. दोघांचं गणित जुळलं की दिवस चांगला जातो.

या शब्दाची गंमत मला फार उशिरा कळली. डब्यात एक रिटायर्ड गार्डकाका यायचे, भुसावळचे. त्यांनी एकदा सांगितलं, "ताई, तुम्ही अपडाऊन करतच नाही. तुम्ही डाऊनअप करता." रेल्वेच्या हिशेबात मुंबईकडे तोंड करून निघालेली गाडी अप आणि मुंबईकडे पाठ फिरवलेली डाऊन. म्हणजे सकाळी कामावर निघाले की मी डाऊन, संध्याकाळी घरी परतताना अप. अमळनेर-धरणगावची मंडळी सुरत लाइनने येतात, तीही डाऊनच. जळगावला अप येतात ते फक्त भुसावळ-वरणगावकडचे. आणि ते जरा ऐटीत येतात हेही खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. भुसावळच्या माणसाला रेल्वे घरचीच वाटते. रेल्वे आली नसती तर भुसावळ हे एक खेडंच राहिलं असतं, हे तोही नाकारत नाही.

तेव्हापासून तो अप-डाऊन माझ्या डोक्यात खुपत राहिला. जिथे आमची कचेरी, कॉलेज, बाजार, दवाखाना, सोन्याची दुकानं आणि डाळीच्या मिल्स, ते जळगाव. तिथे जाणं म्हणजे 'खाली' जाणं. कारण रूळ मुंबईपासून मोजलेले. स्टेशनाजवळच्या प्रत्येक दगडावरचा आकडा मुंबईपासूनचा. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत इथे लोहमार्ग आला तेव्हा अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेशचा कापूस हवा होता. गाठी बंदरावर न्यायच्या होत्या. माहेजीच्या मुलीला साडेदहाच्या लेक्चरला पोचवायचं, हे तेव्हा कोणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. माझी तक्रार त्या गोऱ्या साहेबांवर नाहीच. तक्रार एवढीच, की तेव्हाचं घड्याळ अजून कोणी फिरवलेलं नाही.

शिरसोलीच्या लूपमध्ये बसून मी हे सगळे विचार केलेत. लूप म्हणजे बाजूची लाइन. जळगाव दहाएक किलोमीटरवर आलेलं असतं, बायका केसांवरून हात फिरवून, ओढण्या नीट करून उभ्या राहिलेल्या असतात, आणि गाडीचा आवाज बदलतो. चाकं एका विशिष्ट लयीत खडखडतात, डबा डावी-उजवी डुलतो, आणि सगळा डबा एका सुरात म्हणतो, "टाकली साइडला!" मग सगळ्या पुन्हा खाली बसतात. कोणी शेंगदाण्याची पुडी सोडते. दाराशी बसलेली म्हातारी दर दोन मिनिटांनी विचारते, "उनी का वं?" आपली गाडी उभी असताना ती कोणती गाडी आली का म्हणून विचारते, हे नव्या माणसाला कळायचं नाही. पुढे जाणारी आल्याशिवाय आपली हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

पहिली एक्सप्रेस धडधडत जाते. ठीक. लांबून आलेली, लांब जायची. मग दुसरी. तीही ठीक. मग एके दिवशी मालगाडी आली. मी डबे मोजले, मला ती सवयच लागलीय. 58 वाघिणी आणि शेवटी गार्डाचा डबा. आणि सगळ्या रिकाम्या! नाशिककडे कोळसा टाकून परत चाललेल्या असाव्यात. म्हणजे आत काहीही नसलेली गाडी पुढे, आणि आठशे माणसं, जेवणाचे दोनशे डबे आणि एक परीक्षा बाजूला. माझ्या शेजारची प्राथमिक शिक्षिका शांतपणे म्हणाली, "वाघिणींची शाळा भरायची असेल."

गार्डकाकांनी याचंही उत्तर दिलं होतं, आणि ते मला पटलंय, म्हणून राग करता येत नाही. दोनच लाइनी असल्या, एक जायची आणि एक यायची, की त्याच रुळावर सुसाट गाड्या, जड मालगाड्या आणि दर नऊ-दहा किलोमीटरला थांबणारी आमची गाडी, सगळ्यांना एकामागे एक धावावं लागतं. बैलगाडीच्या मागे मोटारी अडकतात तसं होतं. आमची एक गाडी चालवायची म्हणजे मागच्या दोन-तीन गाड्यांची जागा खायची. म्हणून आम्हाला बाजूला घेतात. मुंबईत लोकल दर तीन-चार मिनिटाला येते ती तिथली माणसं जास्त शहाणी म्हणून नाही. धिम्या गाड्यांना वेगळे रूळ, जलदना वेगळे. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून तिथे ही वाटणी वाढवत नेण्याचंच काम चाललंय. ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी लाइन तर 2022 मध्ये पुरी झाली. शंभर वर्षांत काम संपलेलं नाही. ज्या शहराने आधी रूळ टाकले आणि मग माणसं आली, त्याचीही ही दशा, तर आधी माणसं आली आणि मग रूळ शोधले तर काय होईल?

आता रूळ येताहेत, हे मी नाकारणार नाही. जळगाव-भुसावळ हा 24 किलोमीटरचा तुकडा चार लाइनींचा झाला. जळगाव-मनमाड तिसऱ्या लाइनचं काम तुकड्यातुकड्याने पुढे सरकलं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच 160 किलोमीटरवर चौथ्या लाइनीलाही केंद्राची मंजुरी मिळाली. उधना-जळगाव, म्हणजे त्या सुरत लाइनचं दुहेरीकरण 2018 मध्येच पुरं झालं. चाळीसगावहून निघून धुळ्याला जाऊन संपणारा 56 किलोमीटरचा फाटा आहे. मनमाड-इंदूर मार्ग झाला की धुळं हे शेवटचं स्टेशन राहणार नाही. नुसता नकाशा पाहिला तर जळगावभोवती हाताची बोटं पसरल्यासारखे रूळ आहेत. एका बोटावर भुसावळ, एकावर पाचोरा-चाळीसगाव, एकावर धरणगाव-अमळनेर. मुंबईला बोटं नंतर फुटली. आपल्याला ती आधीच मिळालीत.

पण चौथ्या लाइनीची बातमी आमच्या डब्यात वाचली गेली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: "मग आता आपल्याला साइडला टाकणार नाहीत ना?" त्याचं उत्तर बातमीत नव्हतं. त्यात कोटी होते, किलोमीटर होते, मालवाहतूक किती वाढेल ते होतं. सकाळी साडेनऊच्या आत जळगावला किती गाड्या पोचतील, ते नव्हतं. खरं तर आधी वेळापत्रक लिहावं आणि मग त्याला पुरतील एवढे रूळ टाकावेत, असं मला वाटतं. लग्नात आधी पंगत किती ते ठरवतो आणि मग पातेलं आणतो. इथे पातेलं आलंय, फार मोठं आलंय, पंगतीत कोणाला बसवायचं ते अजून ठरायचंय.

मेमू गाडीने माझी आशा वाढवलीय, हे मात्र सांगितलं पाहिजे. तिला वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्यांतच. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. म्हणजे शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडायचं, फिरवायचं, पुन्हा जोडायचं, हा खटाटोप नाही. ड्रायव्हर या टोकाहून उतरतो, त्या टोकाला चढतो, गाडी परत. शिवाय ती पटकन वेग घेते, आणि जागोजाग थांबणाऱ्या गाडीला तेच तर हवं. भुसावळ ते पाचोरा अशी मेमू दर अर्ध्या तासाने, असं मी कधी कधी वहीच्या मागच्या पानावर आखते. भुसावळ 7.30, भादली, जळगाव 8.00... ऑफिसात कोणी आलं की पान उलटते. हा छंद आहे, कोणाचं नुकसान नाही.

जळगाव वाढतंय, आणि ते कुठे वाढतंय ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. प्लॉटची जाहिरात वाचा. मुंबईकडची जाहिरात "स्टेशनपासून पाच मिनिटांवर" म्हणते. आमच्याकडची म्हणते, "हायवे टच!" एका शब्दात सगळं नगरनियोजन आलं. घर हायवेला चिकटलं की प्रत्येक घराला दोन दुचाक्या लागतात, शाळेला रिक्षा लागते, आणि म्हाताऱ्याला औषधासाठी कोणाच्या तरी मागे बसावं लागतं. वर ही जमीन काळी, कसदार. कापूस नि केळी तिला फळतात, भिंत मात्र तिला सोसत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आधी काळी माती उपसून मुरूम भरायचा. जिच्यावर पीक येतं ती माती फेकून, जिच्यावर येत नाही ती विकत आणायची. आणि माहेजीत, म्हसावदला स्टेशनाजवळ घरं आहेत, अंगणं आहेत, पाणीही आहे. नाही ती फक्त वेळेवर येणारी गाडी.

ती माहेजीची मुलगी मी उगाच मधे आणली नाही. दारातल्या बाकड्यावर बसायची, मांडीवर अकाउंटन्सीचं पुस्तक. मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या. सुरू झाल्या तेव्हा आधी लांबच्या, आमची सगळ्यात शेवटी. साध्या गाडीचं कमीत कमी भाडं दहाचं तीस झालं होतं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात तिने जळगावला शिवाजीनगरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. नंतर धाकटा भाऊ आला, मग त्यांच्यासाठी स्वयंपाकाला आई. वडील एकटे गावी, शेत आणि म्हैस सोडवत नाही म्हणून. शहराची लोकसंख्या तिघांनी वाढली, आणि ती तिघांना नको असताना वाढली. मला भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, अपडाऊनच बरं होतं. आईचे गुडघे तरी जिन्याने दुखले नसते."

आमच्या पाचोऱ्याची पीजे तेव्हाच थांबली, ती थांबलीच. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांची, शंभर वर्षांची. पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूरची माणसं ती घेऊन पाचोऱ्याला यायची आणि मोठ्या गाडीत आमच्याशेजारी बसायची. तिची आता मोठी गाडी व्हायचीय, आणि पुढे बोदवडपर्यंत जायचीय, 84 किलोमीटर. होईल तेव्हा होईल. शेंदुर्णीचे एक भाऊ मात्र अजून पाचोऱ्याच्या स्टेशनात आले की तिकडच्या बाजूला नजर टाकून येतात. गवत वाढलंय म्हणून सांगतात.

परवा पास संपला. खिडकीशी गेले. आतल्या मुलाने मान न उचलता विचारलं, "कुठून कुठे?" एकोणीस वर्षं मी "पाचोरा ते जळगाव" म्हणत आलेय. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, म्हटलं, "जळगाव ते पाचोरा."

त्याने आता मान उचलली. "ताई, एकच की. भाडं तेवढंच."

"माहितेय," मी म्हटलं. "पण तसं लिही."

त्याने खांदे उडवले आणि पास छापला. मागे रांगेत कोणीतरी ओरडलं, गाडीचा सिग्नल पडला होता.