तुम्ही विचारलंत म्हणून: हरणारी पोरं प्लेऑफला कशी पोचतात

"सर, थे ओक्लाहोमावाले दोन सालं नुसते हारत होते, मंग चॅम्पियन कसे झाले जी?"

सकाळी साडेसहाला मोबाईलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, लावून बसणारी पोरं वरूड-मोर्शीकडच्या गावांतही आता बरीच झाली आहेत. त्यांच्याकडून हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसराही येतो, की आपल्या तालुक्याच्या टीमला यातलं काय घेता येईल? त्याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो.

आधी आकडे बघा. ओक्लाहोमा सिटी थंडरने 2020-21 मध्ये 22 सामने जिंकले, 50 हरले. पुढच्या वर्षी 24 जिंकले, 58 हरले. त्यातच 2 डिसेंबर 2021 ला मेम्फिसने त्यांना 152-79 असं धुतलं. 73 गुणांचा हा फरक लीगच्या इतिहासातला सर्वात मोठा. त्यानंतर 40 विजय, मग 57, मग 68 आणि जून 2025 मध्ये विजेतेपद. हे वाचून पोरं म्हणतात, म्हणजे मुद्दाम हरायचं, ड्राफ्टमध्ये वरचे खेळाडू उचलायचे आणि थांबायचं. इथंच गफलत होते.

ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी. संघ क्रमांकाने एकेक खेळाडू निवडतात. प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) न गाठलेल्या 14 संघांमध्ये लॉटरी निघते आणि पहिले चार क्रमांक त्यातून ठरतात. 2019 च्या ड्राफ्टपासून नियम बदलला. सर्वात वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, 14 टक्के संधी मिळू लागली आणि तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो असं झालं. डेट्रॉइटच्या संघाचंच बघा ना. 2022-23 मध्ये 17 विजय, 2023-24 मध्ये 14 विजय आणि सलग 28 पराभव. दोन्ही वर्षं लीगमध्ये शेवटचे, आणि दोन्ही वेळा हातात आला तो पाचवाच क्रमांक. हरण्याचा मोबदला इतका बेभरवशाचा आहे.

आपल्याकडे आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचं पाणी तोडून ताण देतात. ताणाशिवाय फूल नाही हे खरं, पण तो लांबला की पानं गळतात, फांद्या वाळतात. हरण्याचंही तसंच आहे. एक-दोन हंगाम चालतं. त्याहून जास्त झालं की पोरांना चौथ्या क्वार्टरमध्ये सामना सोडून द्यायची सवय लागते, आणि ती कुठल्याही ड्राफ्टने जात नाही.

ओक्लाहोमाने खरी कमाई हरण्याच्या आधीच केली होती. जुलै 2019 मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाला ओक्लाहोमाचा पॉल जॉर्ज हवाच होता, कारण तो आला तरच स्टार खेळाडू कवाय लेनर्ड त्यांच्याकडे येणार होता. गरज समोरच्याची होती, म्हणून ओक्लाहोमाचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी याने भाव वाढवून घेतला. शे गिल्जस-अलेक्झांडर आणि डॅनिलो गॅलिनारी हे दोन खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड करण्याचे पाच हक्क आणि वर क्लिपर्सशी क्रमांक बदलून घ्यायचे दोन हक्क. शे तेव्हा एकच हंगाम खेळलेला होता. पुढे तोच एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्या पाच हक्कांपैकी एकातून 2022 मध्ये 12 व्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. वरच्या क्रमांकावरून आलेला मोठा खेळाडू म्हणजे चेट होल्मग्रेन, 2022 चा दुसरा. आणि तोही पायाच्या दुखापतीने पहिला अख्खा हंगाम बाहेर बसला. बाकीचे कुठून आले? लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, अॅरन विगिन्स 55 वा होता आणि आयझाया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. माझ्या मते संघ ओळखायचा तो इथे. पहिल्या पाच क्रमांकांतला खेळाडू कुणीही निवडेल. 55 व्या क्रमांकावर कामाचा माणूस सापडायला तो नेमका कशासाठी हवाय हे आधी ठरलेलं लागतं.

आता हिशेबाची गोष्ट, जी टीव्हीवर कुणी सांगत नाही. सामना 48 मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला 240 मिनिटं. पोरगं घडतं ते मिनिटांवर. तीन मुख्य खेळाडूंना 34-34 दिली की 102 संपली. उरलेल्या 138 मध्ये पाच-सहा जण बसतात, फार तर सात. ड्राफ्टचे हक्क साठवत राहिलं आणि दहा कोवळी पोरं गोळा केली, की प्रत्येकाला बारा-पंधरा मिनिटं मिळतात आणि कुणीच घडत नाही. शिवाय जो तो आपल्याच मिनिटांत चमकायला बघतो. त्यात चेंडू घेऊन खेळणारे तिघे-चौघे असले तर विचारूच नका. चेंडू एकच.

कोवळा संघ हरतो कुठे, तेही जवळून बघा. लोकांना वाटतं नेम चुकतात म्हणून. नेम चुकतातच, पण जास्त नुकसान बचावात होतं. समोरच्या संघाचा एक जण आपल्या बचावपटूची वाट अडवून उभा राहतो, याला स्क्रीन म्हणतात. चेंडू खेळवणारा त्यांचा गार्ड त्या स्क्रीनवरून वळला की आपला उंच खेळाडू त्याला अडवायला वर येतो. स्क्रीन लावणारा मोकळा होऊन बास्केटकडे धावतो. त्याला अडवायचं काम लांबच्या कोपऱ्यातल्या बचावपटूचं. त्याला 'लो मॅन' म्हणतात. तो आत आला की त्याचा स्वतःचा माणूस कोपऱ्यात मोकळा, म्हणून वरच्या बाजूच्या चौथ्याने खाली धावत तो कोपरा झाकायचा. म्हणजे तीन हालचाली, एकामागून एक. वीस वर्षांची पोरं पहिली बरोबर करतात, दुसरी बहुतेक वेळा करतात, तिसरीला अर्धं पाऊल उशीर होतो. कोपऱ्यातून तीन गुणांची रेषा 22 फुटांवर आहे, समोरून 23 फूट 9 इंच. म्हणजे उशीर होतो तो नेमका सर्वात जवळच्या तिनासाठी. ही तिसरी हालचाल तोंडाने ओरडून शिकवावी लागते, आणि मैदानावर ओरडणारा लागतो तो अनुभवी माणूस.

म्हणून 25 विजयांवरून 45 वर जायचं तर दोन-तीन अनुभवी खेळाडू आणावेच लागतात. डेट्रॉइटने 2024 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर हे तिघे आणले. तिघांपैकी कुणी स्टार नाही. पण लांबून नेम लागत असल्यामुळे समोरचे बचावपटू त्यांना सोडून आत येईनात, आणि डेट्रॉइटच्या केड कनिंगहॅमला आत घुसायला वाट मिळाली. 14 विजयांवरून थेट 44 आणि प्लेऑफ. ह्यूस्टननेही 2023 मध्ये फ्रेड व्हॅनव्हलीट आणि डिलन ब्रुक्स घेतले आणि 22 वरून 41, मग 52 विजयांवर गेले. ब्रुक्सवर तेव्हा फार पैसे उधळले म्हणून लोक हसले होते.

याहून अवघड काम म्हणजे घडवलेला पोरगा सोडणं. जॉश गिडी हा ओक्लाहोमाचा 2021 चा सहावा क्रमांक, पास देण्यात पटाईत. पण 2024 च्या प्लेऑफमध्ये डॅलसने त्याला लांबून नेमाला मोकळं सोडलं आणि त्याचा बचावपटू आत उभा केला. मालिकेच्या शेवटी त्याला पहिल्या पाचातून बाहेर बसवावं लागलं. जूनमध्ये त्याला शिकागोला देऊन तिशीचा अॅलेक्स करूसो आणला. अनेकांना सौदा तोट्याचा वाटला. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात, साडेसहा फूटही नसलेल्या याच करूसोने पावणेसात फुटांहून उंच निकोला योकिचला धरून ठेवलं.

(डॅलसचा विषय निघालाच आहे तर: 2023 मध्ये ओक्लाहोमाने 12 वा क्रमांक डॅलसला देऊन 10 वा घेतला आणि केसन वॉलेस आणला. डॅलसने 12 वर डेरेक लाइव्हली घेतला, आणि वर्षभरात ओक्लाहोमाला घरी बसवलं. प्रेस्टीचेही सगळे सौदे एकतर्फी नसतात.)

वेळेचं गणित पैशाशी बांधलेलं आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा. पहिली दोन पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर, आणि पगार ठरलेला, तुलनेने कमी. होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स या स्वस्त करारांवर होते, म्हणूनच 2024 मध्ये अनुभवी आयझाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांसाठी 8.7 कोटी डॉलर देता आले. हीच पोरं महाग झाल्यावर तो पैसा उरत नाही. अनुभवी माणसं आणायची खिडकी दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची. आधी आणली तर पोरांची मिनिटं खातात, नंतर परवडत नाहीत.

आता आपल्या टीमचं. आपल्याकडे ना ड्राफ्ट, ना करार, आणि बारावी झाली की निम्मी पोरं पोलीस भरतीच्या मागे. पण मिनिटं आणि तिसरी हालचाल या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. वहीत प्रत्येक सामन्याची मिनिटं लिहा. आपल्या नियमात दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे वाटायला 200. ती आठ जणांतच वाटा, बारांत नको. आणि रोज दहा मिनिटं शेल ड्रिल घ्या. अर्धं मैदान, चार हल्ला करणारे, चार बचावाला. पहिली पाच मिनिटं नेम मारायचाच नाही, फक्त पास, आणि प्रत्येक पासवर चारही बचावपटूंनी जागा बदलायची. जो मुकाट्याने हलतो त्याला बाहेर काढा. दोन माजी खेळाडू, पंचविशी-तिशीतले, गावात असतीलच. त्यांना बचावात मध्ये उभे करा. शाळेच्या मैदानावर रिंग एकच असली तरी चालतं, दुसरी लागतच नाही.