टोकियोत अनवाणी: टीमलॅब प्लॅनेट्सला जाणाऱ्यांसाठी

टोकियोला निघालेल्या माणसाच्या यादीत हल्ली फुजी, शिबुयाचा चौक आणि टीमलॅब ही तीन नावं असतातच. पहिल्या दोनांत गोंधळ होण्यासारखं काही नाही. टीमलॅब हा डिजिटल कला करणारा गट, त्यांच्या दालनांचं मात्र घरूनच ठरवून निघावं लागतं, कारण एकट्या टोकियोत त्यांची दोन ठिकाणं आहेत. पत्ते वेगळे, तिकिटं वेगळी, आणि पाहायची तऱ्हाही वेगळी.

आझाबुदाई हिल्समध्ये ‘बॉर्डरलेस’ आहे. ते पूर्वी ओदाइबात होतं, २०२२ मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या जागी सुरू झालं. तिथली चित्रं भिंती ओलांडून एका खोलीतून दुसरीत जातात, नकाशा मिळत नाही, भरकटणं हाच कार्यक्रम. दुसरं टोयोसूचं ‘प्लॅनेट्स’. हे जुलै २०१८ पासून चालू आहे. इथे निदान पाण्याच्या विभागात एका वाटेने एकेक दालन येत जातं आणि पायात काही घालायचं नसतं. माझ्याबरोबर आई होती आणि बहिणीचा मुलगा होता. ‘कुठे जायचं ते माहीत नसताना फिरायला मला काय हौस आहे?’ असं आईने विचारल्यावर प्लॅनेट्स ठरलं.

टीमलॅब म्हणजे एक चित्रकार नव्हे. तोशियुकी इनोको आणि त्याच्या मित्रांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा गट. त्यात प्रोग्रामर आहेत, अॅनिमेशनवाले आहेत, गणिती आहेत, वास्तुरचनाकार आहेत. २०२३ मध्ये मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचं भिंतभर प्रदर्शन आलं होतं, ते पाहिलेल्यांना वाटेल की हेही तसंच असणार. तसं नाही. तिथे आधी बनवलेली फिल्म सगळ्या भिंतींवर चालते. ती संपते, पुन्हा सुरू होते. इथे बहुतेक दालनांत संगणक त्या क्षणी चित्र घडवत असतो आणि तुम्ही कुठे उभे आहात, कुठे हात लावला, यावर पुढचं ठरतं. म्हणून ‘शो कितीला सुरू होतो?’ हा प्रश्नच इथे येत नाही. आत शिरलात की हवा तितका वेळ थांबा. एकदा बाहेर पडलात की मात्र त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत.

तिकीट त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आगाऊ काढा. दिवसाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे दर बदलतो, प्रवेशाची वेळ ठरलेली असते. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. संध्याकाळच्या वेळा आधी संपतात आणि त्याला कारण आहे, ते पुढे सांगते.

पोहोचायचं कसं? शिम्बाशीहून युरिकामोमे पकडा आणि शिन-टोयोसूला उतरा. स्टेशनमधून बाहेर आलं की समोरच. ही गाडी विनाचालक आहे, रबरी चाकांवर चालते आणि रेनबो ब्रिजवरून खाडी ओलांडते. ड्रायव्हरच नसल्यामुळे अगदी पुढच्या काचेपाशी प्रवाशांना बसता येतं. ती जागा मिळावी म्हणून एखादी गाडी सोडावी लागली तरी सोडा. मेट्रोच्या युराकुचो लाइनने टोयोसूलाही उतरता येतं, तिथून दहा मिनिटं चालायचं. मेट्रो बहुधा लवकर पोहोचवते, पण मुलं बरोबर असतील तर घाई कशाला?

आत गेल्यावर बूट-मोजे काढून लॉकरमध्ये ठेवायचे. लॉकरला पैसे पडत नाहीत. पुढे पाणी जवळजवळ गुडघ्यापर्यंत येतं, त्यामुळे कपडे असे हवेत की जे वर दुमडले की वरच राहतील. तंग जीन्स अजिबात नको. पोटरीवर अडकते आणि मग भिजते. सलवार किंवा सैल पँट उत्तम. काही दालनांची जमीन आरशाची आहे, म्हणून स्कर्ट-फ्रॉक घातलेल्यांना तिथे वर घालायला फुकट आवरण देतात. साडीचा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ढकला. ट्रायपॉड आणि सेल्फी-स्टिक चालत नाही. मोबाइल चालतो, पण त्याला गळ्यात अडकवायची दोरी लावून घ्या. खाली पाणी आहे आणि आजूबाजूला फोटोसाठी मागे मागे सरकणारी माणसं आहेत.

पहिलीच वाट अंधारी, चढाची, आणि तिच्यावरून पाणी वाहत असतं. वर टोकाला प्रकाशाचा धबधबा. दिसतं फार कमी, म्हणून सगळं लक्ष तळपायात उतरतं. खरं तर या जागेचं मर्म याच वाटेवर कळतं. आम्ही कलादालनात डोळे घेऊन जातो, बाकीचं शरीर त्यांना इकडून तिकडे नेण्यापुरतं असतं. इथे आधी पायांना कामाला लावतात. एरवी मंदिरात पाय धुऊन आत जायची सवय असलेल्या आईला यात विशेष काही वाटलं नाही. ‘बरं केलंय,’ एवढंच म्हणाली.

त्यानंतरच्या खोलीत जमीनच मऊ आहे. गोधड्यांच्या ढिगावरून चालल्यासारखं पाऊल रुतत जातं, आणि शेजारी कुणी जाड माणूस पडला की आपणही त्याच्याकडे कलंडतो. भाच्याला इथून हलवणं कठीण झालं. आईचे गुडघे दुखतात, ती दारातच थबकली, तर तिथे काम करणाऱ्या मुलीने काही न विचारता हाताने बाजूची सपाट वाट दाखवली. गुडघे, कंबर, तोल यांची तक्रार असलेल्यांनी म्हणूनच धास्ती घेऊ नये. पाण्यातून जायचं नसेल तरी दुसरा मार्ग विचारा. मुलांची बाबागाडी मात्र आत नेता येत नाही.

लटकत्या एलईडींचं दालन तुम्ही पाहिलंच असेल. निम्मं इन्स्टाग्राम त्याच्यावर चालतं. हजारो दिवे, चहूकडे आरसे. फोनवरून एखादा ‘तारा’ निवडला की तो त्या दिव्यांतून उलगडत जातो. मला स्वतःला ही खोली सगळ्यांत फिकी वाटली. दिवे चांगले आहेत हो, पण तिथे जो तो पाठ करून उभा असतो, कॅमेऱ्याकडे तोंड करून. पाच मिनिटं द्या आणि पुढे व्हा. वाचवलेला वेळ माशांना द्या.

माशांच्या दालनात दुधी रंगाचं पाणी आहे आणि त्या पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाशाचे ‘कोई’ जातीचे जपानी मासे पोहतात. माणूस आला की ते वळतात, अंगावर आदळले की फुटून त्यांची फुलं होतात आणि फुलं पांगत जातात. फुलं ऋतूप्रमाणे बदलतात. बहुतेक लोक माशांच्या मागे धावतात. धावल्याने लाटा उठतात आणि चित्र मोडतं. एका कोपऱ्यात आई काठाला हात टेकून स्वस्थ उभी राहिली होती. तिच्या पोटरीभोवती एक तांबूस रेघ आली, लांबली, पायाला लागली आणि तिच्या पाकळ्या-पाकळ्या होऊन गेल्या. मग दुसरी आली. भाचा पळता पळता थांबला आणि म्हणाला, ‘आजी, तुझ्याकडेच कसे येतात?’ त्यानंतर तोही उभा राहिला, त्याच्या मानाने बराच वेळ. इथे हेच करा. भिंतीकडेची जागा धरा आणि हलू नका. बाहेर पडताना पाय पुसायला टॉवेल देतात, घरून न्यायची गरज नाही.

टीमलॅबवाले आपल्या कामाविषयी एक मुद्दा आवर्जून मांडतात. पाश्चात्त्य चित्रात पाहणाऱ्याची एक जागा ठरलेली असते, तिथून दूरचं लहान आणि जवळचं मोठं दिसतं. जुन्या जपानी चित्रांत अशी ठरलेली जागा नसते, त्यामुळे पाहणारा चित्रात कुठेही असू शकतो. ऐकायला जड वाटतं, पण वारली चित्र आठवा. तारप्याभोवतीचा नाच वरून पाहिल्यासारखा गोल, आणि नाचणारी माणसं मात्र बाजूने काढलेली. तुम्ही नक्की कुठून पाहताय, हे ते चित्र विचारत नाही. माशांच्या पाण्यात उभं राहिलं की हा मुद्दा व्याख्यानाशिवाय कळतो.

मोठ्या फुग्यांची खोली मुलांची. ढकलला की फुग्याचा रंग बदलतो, त्याच्याबरोबर बाकीच्यांचाही. घुमटाच्या दालनात सगळे आरशाच्या जमिनीवर आडवे पडतात आणि वरून फुलं कोसळत राहतात. गाडी लागणाऱ्यांनी तिथे उभं राहू नये. बसा, आणि गरगरलं तर सरळ डोळे मिटा.

आता बाग. २०२१ मध्ये हा भाग जोडला आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. गंमत अशी की डिजिटल कलेच्या या घरात सर्वांत लक्षात राहतं ते जिवंत झाडांचं दालन. तेरा हजारांहून जास्त ऑर्किड हवेत टांगलेली. आपण जवळ गेलो की ती वर उचलली जातात, माणूस मावेल एवढी पोकळी होते, पुढे सरकलो की मागे पुन्हा खाली येतात. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला माती लागत नाही, हे आपल्याला कोकणाने शिकवलेलंच आहे. आंब्याच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी कुणी कुंडीत लावलेली नसते. आई त्या मुळांकडेच पाहत होती. फुलांचा कुणीही फोटो काढतो, हिला मुळं कशी ओली ठेवतात ते हवं होतं. इथे एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, म्हणून रांग असते. रांग बघून टाळू नका. आत गेल्यावर जमिनीवर बसा. बसल्यावर फुलं परत खाली येतात आणि तुम्ही त्यांच्यात झाकले जाता.

दुसरी बाग शेवाळाची. शेवाळावर माणसाच्या उंचीच्या आसपासचे अंड्यासारखे आकार ठेवलेत. दिवसा ते चकचकीत रुपेरी, आसपासचं सगळं त्यांच्यात दिसतं. सूर्य मावळला की तेच आतून उजळतात. एकाला ढकलला की तो डोलतो, सूर काढतो, रंग बदलतो, आणि शेजारचे त्याला साथ देत जातात. वाऱ्यानेही हेच होतं. संध्याकाळच्या तिकिटांवर उड्या पडतात त्या यासाठी. त्यामुळे सूर्यास्ताचा हिशेब आधी लावा: टोकियोत डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमाराला अंधार पडू लागतो, जूनअखेरीस सात वाजतात. मावळतीच्या दोनेक तास आधीची वेळ घेतलीत तर पाण्याचा भाग उरकून बरोबर संधिप्रकाशात शेवाळात पोहोचाल आणि दोन्ही रूपं दिसतील. उन्हाळ्यात डास चावतात, बाह्या लांब असू द्या.

जानेवारी २०२५ मध्ये इथे ‘फॉरेस्ट’ म्हणून आणखी मोठा विभाग सुरू झाला. जुन्या ब्लॉगांत ‘दीड तासात होतं’ असं वाचाल, ते त्याच्या आधीचं. आता तीन तास धरून चला, मुलं असतील तर चार. या विभागात उड्या मारायच्या आणि तोल सांभाळायच्या वाटा आहेत, आणि फोनवरच्या अॅपने नामशेष झालेले प्राणी पकडून सोडून द्यायचे असतात. अॅप हॉटेलच्या वायफायवरच उतरवून घ्या, आणि फोन पूर्ण चार्ज असू द्या. भाच्याने कागदावरचं विमान रंगवलं, पंखावर एक मोदक काढला. कागद स्कॅन झाला आणि ते विमान समोरच्या भिंतीवर घिरट्या घालू लागलं. त्याने ते गर्दीत शोधून दर वेळी आम्हाला दाखवलं. आई तोवर बाकावर बसून होती. पाय दुखणाऱ्यांसाठी हा विभाग नाही, असं स्पष्टच सांगते. एकाने मुलाबरोबर जावं, दुसऱ्याने त्या विभागाबाहेर थांबावं.

गर्दीचं काय? भरपूर असते. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात इथे २५ लाखांवर लोक येऊन गेले आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. सकाळची पहिली वेळ त्यातल्या त्यात मोकळी. म्हणजे निवड अशी: रिकामं पाणी हवं की उजळलेली शेवाळबाग? मी बाग निवडेन.

खाण्याचं. आवारात वीगन, म्हणजे दूध-अंडंही नसलेलं, रामेन (नूडल्सचं जपानी सूप) मिळतं, शाकाहाऱ्यांना टोकियोत हे मोठंच सुख. मासळीचा रस घातलेला असेल का, ही नेहमीची धाकधूक इथे नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी युरिकामोमेने शिम्बाशीच्या दिशेला एकच स्टेशन मागे जाऊन शिजोमाएला उतरावं. त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार २०१८ मध्ये इथे टोयोसूला हलवला. बाजार पहाटेचा असतो, पण शेजारी २०२४ मध्ये सेन्क्याकु बानराई नावाची खाण्यापिण्याची पेठ उघडली आहे. तिच्या गच्चीवर पाय बुडवून बसायला गरम पाण्याचं फुकट कुंड आहे. दिवसभर अनवाणी फिरलेल्या आईला टीमलॅबपेक्षा तेच जास्त आवडलं असावं, असा मला संशय आहे.

आमचा मुक्काम बहिणीकडे, निशी-कासाईला. टोकियोतल्या भारतीयांची, त्यात मराठी माणसांचीही, तिथे चांगलीच वस्ती आहे. मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून गेले होते. तुमचंही कुणी तिकडे असेल तर टोयोसूहून युराकुचो लाइनने त्सुकिशिमा, तिथून ओएदो लाइनने मोन्झेन-नाकाचो आणि पुढे तोझाई लाइन. फक्त ऑफिसं सुटायच्या वेळी तोझाईत शिरू नका, डोंबिवली फास्टची आठवण होते. जेवून, पाय शेकून, आठनंतर निघा.