मासे मेले पहाटे, नमुना घेतला दुपारी

तलावात मासे मेल्याचा फोन येतो तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा, आणि नमुना घ्यायला माणूस पोहोचतो दुपारी. या वेळीही तेच झालं होतं. आमच्याआधी कुणीतरी पाणी तपासून गेलं होतं आणि विरघळलेला ऑक्सिजन भरला होता लिटरला 13 मिलिग्रॅम. एवढा ऑक्सिजन असताना मासे गुदमरतील कसे? म्हणजे विषच, आणि विष म्हणजे शेजारचा कारखाना. सगळ्यांचं ठरूनच गेलं होतं.

मला तो आकडाच खटकला. 25 अंश तापमानाला हवेतून पाण्यात मुरणारा ऑक्सिजन 8 मिलिग्रॅमच्या आसपास थांबतो. 13 म्हणजे पाणी शेवाळाने गच्च भरलेलं. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. शिवाय मेलेले बहुतेक मासे मोठे होते, पिल्लं तगली होती. विषबाधेत सहसा लहान मासे आधी जातात. रात्र काठावरच काढायची ठरवली.

सोबत विद्यापीठातून प्रशिक्षणाला आलेली एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राची मुलगी होती. होडीतून जायचं, बाटली भरायची, परत यायचं, आणि मधल्या वेळात गप्पा. प्रत्येक बॅच विचारते तेच तिनेही विचारलं, "मॅडम, पुढे याचं करायचं काय? घरी नीट सांगताच येत नाही." मी तिला माझ्या वर्गातली मंडळी सांगितली. एकजण सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवतो, गाळाच्या वासावरून टाकीत काय बिघडलंय ते ओळखतो. एकजण उपग्रहाच्या प्रतिमांवरून जंगलतोड मोजते, वर्षभरात पायाला चिखल लागत नाही. दोघं नव्या प्रकल्पांचे पर्यावरणीय परिणाम अहवाल लिहितात, एक कंपनीत कार्बनचा हिशेब ठेवते. "आणि वन्यजीव?" जागा थोड्या, इच्छुक फार. हे मी गोड करून सांगितलं नाही. संख्याशास्त्राचा पेपर मात्र टाळू नकोस, हे बजावलं.

ऑक्सिजन मोजायचा मीटर होता, तरी रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धतही तिला करायला लावली. ही 1888 सालची पद्धत आजही मीटरची पडताळणी करायला वापरतात, आणि असा अहवाल कधी वकिलाच्या हातात पडेल सांगता येत नाही. 300 मिलिलिटरची बाटली मीटरभर खोलीवरच्या पाण्याने, बुडबुडा न येऊ देता भरायची. मग मँगनीज सल्फेट, त्यानंतर आयोडाइड मिसळलेला अल्कली. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. संध्याकाळच्या बाटलीत तो गडद होता, मध्यरात्री फिका. उजाडायच्या आधीच्या बाटलीत पांढरा. ती मुलगी बाटली टॉर्चपुढे धरून उलटीपालटी करत राहिली, एखादं रसायन घालायचं राहिलं असं वाटून. राहिलं काहीच नव्हतं, पाण्यात ऑक्सिजनच नव्हता. होडीभोवती मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

तेवढ्यावरून कारखाना सुटत नाही. म्हणून गाळ आणि मासे कीटकनाशकं व जड धातूंच्या तपासणीला पाठवले. संशय घ्यावा असं काही निघालं नाही. तलावात येणाऱ्या नाल्यात मात्र सांडपाण्याचा फॉस्फरस भरपूर होता, आणि शेवाळ पोसतं ते त्यावरच. मासे मेले त्याआधी आभाळ भरून राहिलं होतं. दिवसा ऑक्सिजनची कमाई नाही आणि रात्रीचा खर्च चालूच, असा प्रकार.

बैठकीत अहवाल वाचला तेव्हा लोक माझ्यावरच नाराज झाले. कारखान्याच्या फाटकावर धरणं धरता येतं, आपापल्या घरातल्या सांडपाण्याविरुद्ध कुठे बसणार! पाण्यात हवा सोडणारी यंत्रं लगेच मंजूर झाली, कारण ती दिसतात. नाला प्रक्रिया केंद्राकडे वळवायचा प्रस्ताव फाइलीत आहे. यंत्रं चालू असली तरी फॉस्फरस येतच राहणार, हे मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलंय. त्या मुलीने प्रबंधासाठी याच तलावातल्या गाळाचा फॉस्फरस निवडलाय. नाला बंद झाला तरी साठलेल्या गाळातून तो किती काळ सुटत राहील, हा तिचा प्रश्न आहे.