सांगलीची पद्मिनी शोलावरमच्या धावपट्टीवर

मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून तिथे शर्यती भरवायचा. १९९० मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक झाला, तोवर गाडी पळवायचं वेड असलेल्या प्रत्येकाची नजर शोलावरमकडे असायची. ऐंशीच्या दशकात आम्ही सांगलीहून शर्यतीसाठी एक प्रीमियर पद्मिनी मोटार घडवून तिथे नेली. ती कशी घडली हे लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. त्या काळाच्या गप्पा निघाल्या की उद्योगपती आणि राजघराण्यातल्या ड्रायव्हरांची नावं निघतात, गाड्या उभ्या करणाऱ्या हातांची कुणी काढत नाही. आमच्या मेस्त्रींना आपलं नाव छापलेलं आवडायचं नाही, म्हणून इथेही मी त्यांना मेस्त्रीच म्हणतो.

मेस्त्री मूळचे मिरजेचे. जन्म गेला तो कृष्णाकाठच्या ऑइल इंजिनांत. नदीचं पाणी उसाला चढवणारी ही इंजिनं आमच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला यायची. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह सीट, क्रँक, सगळं मेस्त्रींच्या हातचं. शर्यतीची गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. आमच्यातला एकजण वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला होता, त्याच्याकडे पुस्तकं होती. तो वाचायचा, मेस्त्री ऐकायचे आणि मग म्हणायचे, “हे तर आपण करतोच की.”

गाडी म्हणजे अपघातात पुढून चेपलेली पद्मिनी. मुंबईच्या टॅक्स्या तेव्हा तीच गाडी, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगारात तिचा कुठलाही पार्ट मिळायचा, आणि बनायचीही ती कुर्ल्यातच. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे. मागच्या चाकांना ओढ. साधी, कळण्यासारखी गाडी, हेच तिचं मोठेपण.

आधी वजन उतरवलं. मागची सीट, कार्पेट, दारांच्या आतली अस्तरं, हीटर, पत्र्याखालचं डांबर, सगळं निघालं. डांबर खरवडायचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत फायद्याचं. मूळ गाडी ९०० किलोच्या आसपास. किती उतरलं ते बघायला आम्ही ती मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेली. हळदीची पोती लादलेल्या ट्रकांच्या रांगेत आमची बिनकाचेची गाडी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे किती, मागे किती हे कळल्यावरच बॅटरी मागे डिकीत हलवली.

इंजिनाचं काम मात्र सांगितलंच पाहिजे. एका सिलिंडरची क्षमता सुमारे २७२ सीसी. कॉम्प्रेशन ९ पट हवं असेल, म्हणजे आतली सगळी हवा नवव्या हिश्श्यात दाबायची असेल, तर पिस्टन वर आल्यावर ३४ सीसी जागा उरली पाहिजे (२७२ अधिक ३४ म्हणजे ३०६, त्याचा नववा हिस्सा ३४), हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगची, म्हणजे गॅसकेटची, जाडी त्यातच धरून. ही जागा मोजायची कशी? हेड उलटं ठेवायचं, त्यातल्या खळग्यावर, म्हणजे चेंबरवर, भोक पाडलेली जाड काच ग्रीस लावून बसवायची आणि भोकातून तेल सोडत मोजायचं. मिरज हे दवाखान्यांचं गाव, सिरिंजला काय तोटा. चारही चेंबर मोजले तर चौघांची मापं वेगळी निघाली. कारखान्यातून येतानाच तशी असतात. लहान चेंबर मेस्त्रींनी घासून मोठ्याच्या बरोबरीला आणले, मगच हेड फेसिंगला दिलं, म्हणजे त्याचं तोंड सपाट घासून जागा कमी करायला. एकदम नाही, थोडं घासायचं, पुन्हा मोजायचं. त्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, कॉम्प्रेशन हावरेपणानं वाढवलं की नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, होऊन पिस्टनला भोक. म्हणून ९ वरच थांबलो.

मग पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड. चारही सारख्या वजनाचे नसतील तर वरच्या आरपीएमला इंजिन स्वतःलाच हादरवतं. वर्कशॉपच्या काट्याला एवढी बारीक नजर नव्हती, म्हणून आम्ही ते रॉकेलनं धुऊन, कापडात गुंडाळून सराफकट्ट्यावर घेऊन गेलो. ओळखीच्या सराफांनी काही न विचारता तराजू पुढे केला. रॉडचं मोठं टोक आणि लहान टोक वेगवेगळं तोलायचं असतं, दुसरं टोक दोरीनं टांगून. सर्वांत हलका तो नमुना, बाकीचे त्याच्या बरोबरीला आणायचे. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, लेथवर चढवून कडेनं हलकं केलं. कडेचं वजन फिरायला सर्वांत जड, कारण केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग होतो. मात्र क्लचच्या तोंडाजवळ मेस्त्रींनी टूल लावू दिलं नाही. बिडाचं फ्लायव्हील फुटलं तर पायच जातात.

स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली जमिनीवर आणला. मागच्या स्प्रिंगांचे पाटे ट्रकांचे पाटे बसवणाऱ्याकडून सपाट करून घेतले, म्हणजे गाडी मागून खाली बसेल. आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी ड्रायव्हर वाचावा म्हणून केलेला पिंजरा, सीमलेस पाइपचा, आणि पाइप जिथे पत्र्याला टेकतो तिथे खाली जाड प्लेट, नाहीतर गाडी उलटल्यावर पाइपच पत्रा फाडून खाली जाईल. ब्रेक चारही ड्रम. कडक लायनिंग बसवलं, पण ड्रम तो ड्रमच, तापला की पेडल खाली जाणार.

राहिलं गॅसकेट. वाढलेल्या कॉम्प्रेशनला बाजारातलं गॅसकेट टिकेना, दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद जागी जळायचं. मेस्त्रींनी ऑइल इंजिनांची वाट धरली. तांब्याचा पत्रा आणला, हेडवर कागद ठेवून बोटांनी दाबत त्याचा छाप घेतला, त्यावरून पत्रा कापला, भट्टीत लाल केला आणि पाण्यात बुडवला. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ तांबं दाबाखाली बसतं आणि धरून ठेवतं. ते गॅसकेट पुन्हा जळलं नाही.

मेटॅडोरच्या मागे टोचन करून जयसिंगपूर, कोल्हापूर करत एनएच ४ ला लागलो. तो रस्ता मुंबईहून निघून सातारा, कराड करत थेट मद्रासलाच संपायचा. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगलोर. सोबत भडंगाचा डबा आणि दोन जास्तीची गॅसकेट्स.

शर्यतीआधी गाडीची तपासणी असते, तिला मला शर्यतीपेक्षा जास्त धाकधूक होती. सीटचा पट्टा, आग विझवायचा सिलिंडर, बॅटरी तोडायचा बाहेरचा स्विच, हेल्मेट. ॲक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा आहेत का तेही बघितलं, म्हणजे एक तुटली तरी थ्रॉटल उघडं राहू नये. तपासणारे गृहस्थ रोल केजचे वेल्ड बोटानं चाचपत बराच वेळ आत वाकून होते. मग त्यांनी मेस्त्रींकडे पाहून मान हलवली. मला वाटतं त्या सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत अभिमानाचा क्षण तो.

शर्यतीबद्दल थोडंच. लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला घट्ट वळण, कडेला गवताच्या पेंढ्या आणि अफाट गर्दी. काँक्रीटवर टायर बघता बघता झिजत होते. हेराल्ड, अँबॅसिडर, नव्यानं आलेल्या मारुती ८००. सरळ पट्ट्यावर आमची गाडी कुणालाही कमी नव्हती, इंजिन शेवटपर्यंत एका सुरात ओढत राहिलं. वळणावर मात्र ड्रम तापत गेले आणि मला ब्रेक लवकर, आणखी लवकर दाबावा लागला. आम्ही मधल्या गर्दीत शर्यत पुरी केली. घरी बांधलेल्या कितीतरी गाड्या तेव्हा बोनेट उघडून कडेला उभ्या होत्या.

संध्याकाळी बंगलोरच्या एका गाडीचा मेकॅनिक आमच्याकडे आला. त्यांचं गॅसकेट सरावातच गेलं होतं आणि आमच्या हेडखालून दिसणारी तांब्याची कड त्याला बघायची होती. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, हिंदी जेमतेम, पण मिरजेच्या माणसाला कानडी कोण शिकवणार? दोघं खाली बसले. मेस्त्रींनी उरलेलं गॅसकेट वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं छाप काढून दिला, पत्रा कुठवर तापवायचा ते सांगितलं, आणि बोल्ट मधून बाहेर आवळत जायचे, इंजिन एकदा गरम होऊन थंड झालं की त्याच क्रमानं पुन्हा आवळायचे, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.