इंग्लंडमधलं केअर होम: देखरेखीचा हिशोब कोण मागतं?

मी इंग्लंडमधल्या एका केअर होममध्ये, म्हणजे आजारी आणि वृद्ध माणसांना ठेवून सांभाळणाऱ्या जागेत, नर्स आहे. गावाकडचा फोन आला की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे म्हाताऱ्या माणसांना घरात ठेवत नाहीत ना गं?" माझ्याकडच्या बहुतेक आजीआजोबांना एकतर स्मृतिभ्रंश आहे, नाहीतर दोन माणसांच्या आधाराशिवाय पलंगावरून उठता येत नाही. त्यांची मुलंसुद्धा साठी-पासष्टीची आहेत. त्यामुळे घरी की बाहेर, या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: माणूस तिथे राहायला गेल्यावर त्याचं नीट चाललंय की नाही, हे बघतं कोण? आपल्याकडेही पैसे घेऊन ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या जागा वाढताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात आंघोळीच्या पाण्यापासून. टबात कुणालाही बसवण्याआधी पाण्यात थर्मामीटर घालायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. 44 अंशांच्या वर असेल तर पाणी निवेपर्यंत आंघोळ नाही. उतारवयात कातडी पातळ होते, मधुमेह असेल तर पायाला चटका जाणवत नाही, आणि स्मृतिभ्रंश झालेली आजी भाजतंय म्हणून सांगेलच याचा नेम नाही. टाकीतलं पाणी मात्र 60 अंशांवर ठेवावं लागतं, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया या वयात जिवावर बेतू शकतो. म्हणून नळापाशी गरम-गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो तपासलाही जातो. तरी थर्मामीटर चुकत नाही, कारण व्हॉल्व्ह कधी बिघडेल ते सांगता येत नाही. माणसाला उचलणारं यंत्र, ज्याला होइस्ट म्हणतात, ते दर सहा महिन्यांनी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. त्याच्या कापडी झोळीची शिवण मात्र आम्ही प्रत्येक वेळी वापरण्याआधी बघतो.

हे सगळं बघायला इथे केअर क्वालिटी कमिशन ही सरकारी यंत्रणा आहे. सगळे तिला सीक्यूसी म्हणतात. 2009 पासून ती काम करतेय. तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय इंग्लंडमध्ये केअर होम चालवता येत नाही. प्रत्येक होमला नोंदणीकृत मॅनेजर लागतो, आणि काही बिनसलं तर त्याला व्यक्तिशः जाब द्यावा लागतो. तपासनीस बहुतेक वेळा न कळवता येतात. जागा सुरक्षित आहे का, उपचारांचा उपयोग होतोय का, वागणूक मायेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे काम होतंय का, कारभार नीट आहे का, हे पाच प्रश्न घेऊन ते फिरतात. जी माणसं बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी ते नुसते जेवणाच्या खोलीत बसून राहतात: घास भरवणारी मुलगी आजीकडे बघतेय की भिंतीवरच्या टीव्हीकडे, घास गिळून झाल्यावरच पुढचा चमचा येतोय ना. मग उत्कृष्ट, चांगले, सुधारणा आवश्यक किंवा अपुरे असा शेरा मिळतो. तो दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे आणि सगळा अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो.

पण शेऱ्यावर डोळे झाकून विसंबू नका. 2024 मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी सीक्यूसीचाच आढावा घेतला. तिच्या अखत्यारीतल्या पाचातल्या एका ठिकाणाला कधी शेराच मिळालेला नाही, असं त्यात निघालं. काहींचे शेरे तर कित्येक वर्षांपूर्वीचे होते. तेवढ्या काळात मॅनेजर बदलतो, मालक बदलतो, जुनी माणसं सोडून जातात. म्हणून शेऱ्याच्या आधी त्याखालची तारीख वाचावी. दुसरी उणीव मला रोज टोचते. किती रहिवाशांमागे किती कर्मचारी हवेत, याचा आकडा इंग्लंडच्या कायद्यात नाही. 'पुरेसे' असावेत, एवढंच म्हटलंय. रात्रपाळीला दोन कोपऱ्यांतल्या घंट्या एकदम वाजल्या की त्या 'पुरेसे'चा अर्थ कळतो.

मला इथलं सगळ्यात पटलेलं कलम सुरक्षिततेचं नाही, माणसाच्या मर्जीचं आहे. 2005 च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टने, म्हणजे माणसाच्या निर्णयक्षमतेविषयीच्या कायद्याने, स्पष्ट सांगितलंय की निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना गिळायला त्रास होतो. बोलण्या-गिळण्याच्या अडचणी बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टने मऊ, मिक्सरमधून काढलेलं जेवण सुचवलं. आजोबांना सकाळी लोणी लावलेला टोस्टच हवा. थेरपिस्टने ठसका लागून काय होऊ शकतं ते समजावलं, आजोबांनी ते नीट स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं आणि म्हणाले, टोस्टच. मग त्यांच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलं गेलं: ताठ बसवायचं, कडा कापायच्या, छोटे तुकडे, शेजारी एक जण, घाई नाही. आम्ही तसंच करतो. पहिल्यांदा मला हे भयंकर वाटलं होतं. आता टोस्ट खाताना त्यांचा चेहरा बघते आणि त्यांच्या बाजूने उभी राहते.

औषधांचंही तेच. आपल्याकडे गोळी शिऱ्यात दडवून देणं ही युक्ती समजली जाते. इथे तसं करायचं तर आधी त्या व्यक्तीला औषध नाकारण्याचा अर्थ कळतो की नाही हे तपासावं लागतं, मग डॉक्टर, घरचे आणि फार्मासिस्ट यांच्याशी बोलून निर्णय लिहावा लागतो. फार्मासिस्ट यासाठी की काही गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बदलतो. बाहेरच्या दाराला कुलूप असेल आणि माणसाला ते मान्य आहे की नाही हे सांगता येत नसेल, तर होमला स्थानिक कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. 2014 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने त्याची कसोटी घालून दिली: माणूस सतत देखरेखीखाली आणि ताब्यात आहे का, आणि त्याला निघून जायची मोकळीक नाही का? दोन्ही असेल तर ते स्वातंत्र्य काढून घेणं आहे, मग खोली कितीही छान असो. अर्जाचा निकाल 21 दिवसांत लागायला हवा. तो महिनोन्महिने लागत नाही, ही इथली मोठी नामुष्की आहे. तरीही कुलूप कुणाच्या अधिकारात लावलंय, हा प्रश्न विचारला जातो, याची मला किंमत वाटते.

कुणी पडलं आणि हाड मोडलं, एकाच जागी पडून राहून खोल जखम (बेडसोअर) झाली, मृत्यू झाला, तर सीक्यूसीला कळवावंच लागतं. आमच्या हातून गंभीर चूक झाली असेल तर घरच्यांना खरं सांगून माफी मागायची आणि ते लेखीही द्यायचं. आमच्या मॅनेजर तो फोन स्वतः करतात. बोलताना त्यांचा आवाज कापतो, पण फोन टळत नाही.

आता आपल्याकडचं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 19 व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम सुरू करण्याविषयी म्हटलंय. तिथल्या व्यवस्थापनाचे आणि सेवांचे दर्जे राज्याने ठरवावेत, असंही त्यात आहे. पण त्यात मुख्य विचार निराधारांचा आहे. महिन्याला पैसे मोजून खासगी जागेत राहणाऱ्या आजीचं काय, हे बहुतेक वेळा चालकांच्या सेवाभावावर सोडलेलं असतं. सेवाभावी माणसं मी आपल्याकडे खूप पाहिलीत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण तीही थकतात, आजारी पडतात, त्यांच्या जागी दुसरं कुणी येतं. म्हणून लिहिलेलं हवं, आणि ते बाहेरच्या माणसाने येऊन वाचायला हवं.

तोवर, आईवडिलांसाठी जागा बघायला जाणार असाल तर बाग आणि देव्हारा बघून निघू नका. जेवणाच्या वेळी, न कळवता जा. रात्री किती माणसं असतात ते रात्रपाळीच्याच माणसाला विचारा. पलंगावरून घंटेपर्यंत हात पोचतो का, स्वतः आडवं होऊन बघा. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून हात धरून बघा. आणि वजनाची वही मागा. आम्ही दर महिन्याला प्रत्येकाचं वजन करतो, कारण तीन ते सहा महिन्यांत, ठरवून नव्हे तर आपोआप, 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की काहीतरी बिघडलेलं असतं: कवळी सैल झालेली असते, तोंड आलेलं असतं, मन उदास असतं, किंवा भरवायला कुणाला वेळ नसतो. वही नाही म्हणाले, तर कधीपासून ठेवणार ते विचारा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन बघा.