खुर्दा

दिल्लीतील चार दिवसांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. थंडी, धुके आणि उशिरा सुटणाऱ्या गाड्या यांतच ते संपले. पाचव्या दिवशी मी एकटीच पानिपतला गेले. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून बरीच माणसे तेथे जमतात हे ठाऊक असल्यामुळे मी मुद्दाम महिनाअखेरीचा दिवस निवडला होता. इतक्या मोठ्या मरणाच्या जागी घोषणा देणारी आणि मोबाइल उंचावणारी गर्दी मला सोसत नाही. हा माझा शिष्टपणा असेल, पण आहे खरा.

काला अंब, म्हणजे लढाईच्या स्मारकाची जागा, शहरापासून काही किलोमीटरवर आहे. रक्ताने काळा पडला असे म्हणतात तो आंबा केव्हाच नाहीसा झाला; आता तेथे कुंपणातला विटांचा स्तंभ आणि भोवती बाग आहे. आमच्या घरात पानिपत हे गावाचे नाव नव्हतेच. परीक्षेत नापास झालेल्या भावाचे ‘पानिपत’ होई, आणि कोणावर भरवसा ठेवू नये असे सांगायचे असले की ‘विश्वास गेला पानिपतच्या लढाईत’ असे म्हटले जाई. रोजच्या बोलण्यात इतका झिजलेला शब्द धुक्यात समोर जमीन होऊन पसरलेला पाहताना मला काहीच वाटेना, आणि काहीच वाटत नाही याचीच लाज वाटू लागली.

बाकावर घोंगडी पांघरून एक वृद्ध गृहस्थ, तिकडच्या बोलीत ताऊ, बसले होते. मी महाराष्ट्रातून आले आहे हे कळताच त्यांनी सरकून जागा केली आणि आपण रोड मराठा असल्याचे सांगितले. हरियाणातील रोड समाजातील अनेकजण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. अभ्यासकांचे यावर एकमत नाही, परंतु ताऊंना अभ्यासकांशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या आजोबांनी सांगितले होते की आपली माणसे जंगलात लपली, त्यांनी नाव बदलले, भाषा टाकली, आणि म्हणून ती जगली. हे सांगताना त्यांचा आवाज असा उतरला, जणू लपण्याची गरज अजून संपलेली नव्हती. मग त्यांनी मला विचारले, “बेटी, थारे घर तै कौण आया था?”

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. तारखा मला ठाऊक होत्या, सेनापती ठाऊक होते, १७६१ च्या त्या दिवशी गोल, म्हणजे मराठ्यांची सैन्यरचना, कोणी मोडला यावर मी तावातावाने वाद घालू शकले असते; पण आमच्या घरातून कोण आले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. मी “पता नहीं” म्हणाले. ताऊंनी माझ्याकडे ज्या कणवेने पाहिले तिची मला आधी चीड आली, आणि मग फार एकटे वाटले. एकटीने हिंडण्याचे गोडवे मी आजवर पुष्कळ गायले आहेत. त्या बाकावर ते मला आठवलेसुद्धा नाहीत.

पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाकडे (आजच्या विदिशाकडे) मिळाली, ती एका सावकारी चिठ्ठीच्या सांकेतिक भाषेत, असे सांगतात. दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, आणि चांदीतांब्याचा खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे आम्ही शाळेत घोकले होते. खुर्दा म्हणजे कोण, हे कधी परीक्षेला आले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून पुण्याला परतल्या, पण पती गेला हे त्यांनी मानले नाही. भाऊ म्हणवणारा एक तोतया उपटला, त्याची चौकशी झाली, अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला, आणि त्यानंतरही त्या १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे लेऊन राहिल्या. बावीस वर्षांच्या त्या एकटेपणाला निदान नाव आहे आणि साल आहे. खुर्द्यातल्या बायका किती वर्षे वाटेकडे डोळे लावून बसल्या, हे कोणत्या दप्तरात पाहावे?

ताऊ म्हणाले, घरी विचारून पाहा. त्यांच्यासमोरच मी आत्याला फोन लावला. ती आधी हसली. “अगं, आपण कुठले सरदार! गेलंच असेल कुणी, तर पखाल पाठीवर घेऊन गेलं असेल. बाजारबुणगे आपण.” एवढे बोलून तिने मी जेवले का ते विचारले.

फौजेबरोबर निघालेले भिस्ती, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, स्वयंपाकी, व्यापारी, यात्रेकरू, बायका आणि मुले या सगळ्यांना मिळून बुणगे म्हणत. त्यांच्यातील असंख्य माणसे लढाईनंतर कापली गेली, बायकामुलांना गुलाम करून नेले गेले. आजही पराभवाची कारणे सांगताना या लटांबराचे ओझे पहिल्या दोन-तीन कारणांत येते, आणि बाजारबुणगे हा शब्द तर आपण शिवी म्हणूनच सांभाळला. मीही तो कचेरीतल्या माणसांबद्दल कितीदा वापरला आहे.

“के कह्या?” ताऊंनी विचारले. आमच्याकडून आला असेल तर पाणी वाहणारा आला असेल, असे मी अडखळत हिंदीत सांगितले. माझ्या स्वरात कमीपणा होता, तो मलाच ऐकू आला. त्यांना मात्र त्यात कमी काही वाटले नसावे, कारण त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला.

“नाम के था उसका?”

मी पुन्हा “पता नहीं” म्हणाले. ताऊंनी मान हलवली आणि घोंगडीचे एक टोक माझ्या गुडघ्यांवर ओढले. धुके उठेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. परतीची बस त्या दिवशी पावणेदोन तास उशिरा सुटली.